अंजनीचं वय

मी थापाड्या माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. आमच्या शिवरे गावात माझं बोलणं सगळे आवडीनं ऐकतात आणि उठताना त्यातलं निम्मं जागेवरच झटकून जातात. बायको तर निम्म्यावरही विश्वास ठेवत नाही. त्यामुळे संपादकांनी ‘नोकरीतले अनुभव लिहा, पण खरे लिहा’ अशी अट घातली, तेव्हा मला जरा लागलंच. खरं लिहायला मी काय तलाठी आहे? पण मला जी हकीगत सांगायची आहे तिच्यात थाप मारायला कुठं जागाच सापडत नाही. म्हणून जी काही मारायची ती सुरुवातीलाच मारून घेतो. वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं.

माझी नोकरी झाडांची वयं काढण्याची. जंगलांचा अभ्यास करणाऱ्या पुण्यातल्या एका संस्थेत मी लागलो तो सुताराचा मुलगा म्हणून. त्यांना गिरमिट चालवता येणारा माणूस हवा होता. आमच्या वडिलांचं गिरमिट लाकडाला भोक पाडायचं. संस्थेचं गिरमिट पोकळ होतं, परदेशातून आलेलं, आणि माझ्यापेक्षा त्याचीच बडदास्त जास्त. उभ्या झाडाच्या बुंध्यात ते छातीच्या उंचीवर लावायचं आणि दोन्ही हातांनी फिरवत फिरवत गाभ्यापर्यंत न्यायचं. मग आतून पेन्सिलीएवढी लाकडाची कांडी अलगद बाहेर ओढायची. झाडाला त्याचं फारसं काही वाटत नाही. मला मात्र वाटायचं. वेल्ह्याकडच्या एका बेहड्याचा बुंधा एवढा होता, की मी आणि आमच्या मॅडम टेप घेऊन त्याला दोन बाजूंनी वळसा घालायला निघालो, तर पलीकडे भेट होईपर्यंत मला पगारवाढ लागू झाली होती.

कांड्या मोडू नयेत म्हणून त्या शरबताच्या कागदी नळ्यांत घालून ठेवायच्या. नळ्या आम्ही कापूरहोळच्या फाट्यावर एका रसवंतीतून घ्यायचो, गठ्ठ्यानं. रसवंतीवाल्याला अनेक वर्षं कोडं होतं, की हा माणूस रस एक ग्लास पितो आणि नळ्या पोतंभर नेतो, तो करतो काय. शेवटी त्यानं विचारलंच. मी म्हटलं, झाडांना तहान लागते, त्यांना पाजायला. त्यानं मान डोलावली आणि पुढच्या वेळेपासून चार नळ्या धर्मादाय म्हणून जास्त टाकायला लागला.

आता कांडीवरून वय कसं कळतं, ते. काही झाडं वर्षातून एकदा पानं टाकून गप्प बसतात आणि पाऊस पडला की पुन्हा वाढायला लागतात. वाढली-थांबली, वाढली-थांबली, याची खूण लाकडात राहते. एक खूण म्हणजे एक वर्ष. साग असा आहे, तुणाचं झाड तसं आहे. कांडी घासून गुळगुळीत केली आणि भिंगाखाली धरली, की तुणाचं झाड म्हातारीसारखं बोलायला लागतं. या वर्षी पाऊस कमी, त्या वर्षी वणवा लागून साल भाजली, अमक्या साली शेजारचं मोठं झाड पडलं आणि मला एकदम ऊन मिळालं म्हणून मी हे बघा कशी भराभर सुटले. जंगलाला कधी काय इजा झाली, ते असं झाडांच्या पोटातून काढायचं, आणि भरून यायला किती वर्षं लागली ते मोजायचं. म्हणजे कुठल्या रानाला आता बोटही लावू नये, हे सरकारला सांगता येतं. सरकार ऐकतं की नाही, हे मात्र कुठल्याच कांडीत दिसत नाही.

पण आपल्याकडची बहुतेक झाडं मुकी आहेत. आंबा, जांभूळ, अंजनी ही बारा महिने हिरवी, थांबतच नाहीत. मग खूण कशाची राहणार? हे लोकांना पटत नसे. नसरापूरच्या बाजूचे दोघे भाऊ एकदा मला शोधत संस्थेत आले. बांधावरचा आंबा आपल्या आजोबांनी लावला की चुलत आजोबांनी, यावर त्यांची भाऊबंदांशी कोर्टात जुंपली होती. मी झाडाला विचारून सांगावं, म्हणजे निकाल लागेल. आंबा बोलत नाही म्हटल्यावर धाकटा भाऊ थोरल्याला म्हणाला, समोरच्यांनी याला आधीच गाठलेला दिसतोय. हायवेवरच्या एका ढाबेवाल्यानं तर अंगणातल्या वडाला ‘चारशे वर्षांपूर्वीचा’ अशी पाटी लावली होती आणि त्याला माझी सही हवी होती. मी वडाभोवती तीन फेऱ्या मारल्या, साल हुंगली, जमिनीला कान लावला आणि म्हटलं, चारशेला थोडा कमी पडतोय, पण तुम्ही जेवण चांगलं ठेवा, तोवर होईल. त्या दिवशी मटण फुकट मिळालं.

तर माणूस हा असा आहे. आता पुढचं.

वेल्ह्याच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या काखेत एक वाडी आहे. नाव लिहीत नाही. वाडीच्या डोक्यावर वाघजाईची राई. देवीची राई म्हणजे तिथली वाळकी काडीसुद्धा चुलीत घालायची नाही, असा सगळीकडचा रिवाज. झाडाला हात लावायचा तर आधी देवीला विचारायचं. देवीच्या तांदळ्याला, म्हणजे शेंदूर लावलेल्या गोल दगडाला, पाण्यानं भिजवून डाव्या-उजव्या बाजूला फुलाच्या पाकळ्या चिकटवतात, गुरव प्रश्न घालतो आणि सगळे श्वास धरून बसतात. उजवी पाकळी आधी पडली तर देवीचा होकार, डावी पडली तर नकार. याला कौल लावणं म्हणतात. आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा गिरमिटासाठीही कौल लावला. देवीनं होकार दिला. मॅडमनी माझ्याकडे पाहून विचारलं, ‘आपल्या अहवालात हे कुठल्या सदरात घालायचं?’

मॅडम म्हणजे आमच्या मुख्य संशोधक. बारीक अंगाच्या, कमी बोलणाऱ्या. मी बोलायचो तेवढं त्या बोलायच्या नाहीत, आणि त्या चालायच्या तेवढं मी चालायचो नाही, अशी आमची वाटणी होती.

त्या राईनं आम्हाला पहिल्याच फेरीत चकवलं. आभाळाला टेकलेली तुणाची झाडं होती. गावाला वाटायचं ही देवीच्या जन्मापासूनची. कांड्या काढल्या तर सगळी एकाच सुमाराची, आणि फार जुनी नाहीत. मॅडमनी माती उकरायला लावली. हातभर खाली कोळशाचा थर लागला. कडेला सपाट केलेल्या जागा सापडल्या, गोल, खळ्यासारख्या. कधीकाळी इथं कोळशाच्या भट्ट्या लागल्या होत्या आणि देवीच्या राईचा अर्धा भाग जळून पुण्याच्या चुलींत गेला होता. मग केव्हातरी भट्ट्या बंद पडल्या, मोकळ्या उन्हात तुणं भराभर वाढली आणि नातवंडांच्या नातवंडांना ती अनादि वाटायला लागली.

आणि खरी म्हातारी झाडं? ती होती माझ्या मांडीएवढ्या जाडीची. मोठ्या झाडांच्या सावलीत, ऊन न मिळता, मुंगीच्या पावलानं वाढलेली. जंगलात जाडजूड म्हणजे जुनं असं नसतं. उलट पुष्कळदा जो जाड तो कालचा पोरगा असतो.

देवीच्या दारासमोर अशीच एक अंजनी होती. वाकडी, काळसर सालीची, माणसाच्या कवेत सहज मावेल एवढी. उन्हाळ्याच्या तोंडाला तिच्या काटक्यांनाच निळी फुलं लगडायची, जणू कुणी काठीला निळा लोकरीचा धागा गुंडाळला आहे. या अंजनीपाशी दर अमावास्येला पहिला दिवा लागायचा, मग देवीची आरती. तो दिवा लावायचा मान वाडीतल्या धनगरांच्या एका घराचा होता. कधीकाळी त्यांची गाय याच अंजनीखाली रोज पान्हा सोडायची, तिथं खणल्यावर देवी सापडली, अशी कथा. गाव मोठं, देऊळ गावाचं, गुरव गावाचा, समिती गावाची. या धनगर घराचं त्या देवळात काय होतं? एक दिवा. पण तो पहिला होता.

त्या घरची कर्ती बायजाक्का. नवरा जाऊन पुष्कळ वर्षं झालेली, मुलगा भोरला टेम्पोवर. स्वतः जनावरं राखायची. मला भाऊ म्हणायची आणि माझ्या एकाही गोष्टीवर विश्वास ठेवायची नाही. एकदा मी तिला सांगितलं, की वरच्या घाटात मला एवढी मोठी घोरपड दिसली, की मी कातळ समजून तिच्यावर बसून डबा खाल्ला. ती म्हणाली, ‘आन् तिला दिला का न्हाई एक घास?’

एका वर्षी समितीनं नवं देऊळ बांधायला काढलं. स्लॅबचं, पुढं सभामंडप. मंडपाच्या जागेत झाडं येत होती. समितीचे अध्यक्ष आबा, चांगला माणूस, देवीवर जीव टाकणारा. त्यांनी आम्हाला बोलावून सांगितलं, की जुन्या झाडाला धक्का लागणार नाही, तेवढी कुठली जुनी ते दाखवा. बाकीची झुडपं काढतो. झुडपांत पहिला नंबर अंजनीचा होता.

सभेला सगळी वाडी होती. बायजाक्का बायांच्या मागं भिंतीला टेकून बसली होती आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. अंजनी गेली तर दिवा कुठं लावायचा, हे तिनं विचारलं नाही. कुठंच नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

मॅडम म्हणाल्या, अंजनीचं नक्की वय काढता येणार नाही, पण आजूबाजूच्या तुणांपेक्षा ती खूप आधीची असावी. भट्ट्या लागल्या तेव्हाही ती इथं असेल. आबांनी माझ्याकडे पाहिलं. लोकांना माझं बोलणं कळायचं. मी उभा राहिलो आणि नोकरीत पहिल्यांदाच जपून बोललो. म्हटलं, दोनशे वर्षं तरी असतील, जास्तही असतील, पण छातीठोक सांगत नाही.

माझ्या तोंडून छातीठोक नाही असं निघाल्यावर गावाला ते फारच मोठं वाटलं असावं. संध्याकाळपर्यंत दोनशेचे पाचशे झाले. आम्ही नसरापूरला पोचून चहा घेतोय तोवर टपरीवाला मला सांगत होता, की वाघजाईपुढच्या अंजनीला शास्त्रज्ञांनी हजार वर्षांची ठरवलं. मी थापांच्या धंद्यात इतकी वर्षं काढली, पण इतका नफा मला कधी झाला नव्हता.

अंजनी वाचली. मंडपाची जागा चार हात सरकली. निघताना बायजाक्कानं मॅडमच्या पिशवीत खरवसाचा डबा घातला आणि मला म्हणाली, ‘तुमाला न्हाई. तुमी घोरपडीला द्याल.’

मधे आमचं काम दुसरीकडे होतं, त्यामुळे वर्षभर वर जाणं झालं नाही. परत गेलो तेव्हा अंजनीला पार बांधला होता. साधा नव्हे. कंबरेएवढा उंच, चौकोनी, सिमेंटचा, वरून चकचकीत फरशी. आत बुंध्याभोवती मुरूम भरून ठोकून घट्ट केलेला, आणि खोडाच्या अगदी गळ्यापर्यंत फरशी भिडवलेली. हजार वर्षांच्या झाडाचा मान ठेवला होता गावानं. पुढं संगमरवरी पाटी.

बायजाक्का आम्हाला पाहून धावत आली. असं तिला धावताना मी कधी पाहिलं नव्हतं. तिनं स्वतः नेऊन पार दाखवला. सिमेंटला लागणारं पाणी ओढ्यावरून तिनं डोक्यावर आणलं होतं, एकही दिवस चुकवला नव्हता. फरशीवर दिव्यासाठी कोनाडा ठेवला होता, तो तिच्या सांगण्यावरून. ‘पयलं दिवा मातीत ठिवायची, वाऱ्यानं इझायचा,’ ती म्हणाली. ‘आता बघा की.’

मी वर पाहत होतो. शेंडा पिवळा पडला होता.

मुळं नुसतं पाणी पीत नाहीत, श्वासही घेतात. वरच्या वीतभर मातीतूनच घेतात. त्यांच्यावर कंबरभर मुरूम ठोकला आणि वरून फरशीचं झाकण घातलं, तर ते उशी तोंडावर दाबल्यासारखं होतं. माणूस मिनिटांत जातो. झाडाला तीन-चार वर्षं लागतात, आणि तेवढा वेळ ते हिरवं दिसत राहतं, म्हणून कुणाला संशय येत नाही.

मॅडमनी बायजाक्काला तिथंच, पारावर बसवून सांगितलं. त्यांना गोड करून सांगता यायचं नाही. पार काढला, मुरूम उपसला, तर अजून जगेल, नाहीतर जाईल. बायजाक्का ऐकून घेत होती आणि फरशीवरून हात फिरवत होती. मग तिनं मला विचारलं, ‘भाऊ, बाई म्हंत्यात ते खरंय?’

मी म्हटलं, खरं आहे.

ती उठून सरळ आबांकडे गेली. आबांनी वाद घातला नाही. त्यांचंही तोंड उतरलं होतं. पण पार देवीला अर्पण झालेला होता, त्याची पूजा झाली होती, पंचक्रोशी जेवली होती. देवीला दिलेलं मोडायचं तर आबा कोण? ‘बायजाक्का, आईला इचारू,’ ते म्हणाले. ‘ती व्हय म्हनली तर म्या सोता पहार घेतो.’

दुसऱ्या दिवशी सकाळी कौल लागला. मॅडम बाहेरच थांबल्या. मी आत गेलो, कारण मला काहीतरी माहीत होतं, आणि इथं मी नेहमीसारखं फुगवून सांगत नाही. एवढ्या वर्षांत मी कितीतरी कौल पाहिले होते. सुताराची नजर आहे. जिथं दगड जास्त ओला राहतो तिथं पाकळी चिकटून बसते. जिथं आधी सुकतो तिथली आधी सुटते. देव आहे की नाही यात मी पडत नाही. पाणी आहे, एवढं मला दिसत होतं.

गणपत गुरवांचे हात म्हातारपणानं कापायचे. पाण्याचा तांब्या धरायला त्यांनी मलाच पुढं बोलावलं. बायजाक्का देवीसमोर बसली होती. पाकळ्या लावल्या. गुरवांनी गाऱ्हाणं घातलं, की आई, तुज्या अंजनीचा पार मोडायचा म्हंत्यात, मोडू का, तुजी मर्जी असंल तर उजवा कौल दे. त्यांचे डोळे मिटलेले होते. मी तांब्या जरा कलता केला आणि डाव्या बाजूला, पाकळीच्या वरच्या अंगाला, बारीक धार सोडली. पाझरत पाझरत पाणी पाकळीखाली गेलं. डावी पाकळी मजेत ओली बसली. उजवीची कड सुकून उचलली जायला लागली. आणखी थोडा वेळ, एवढंच हवं होतं.

‘भाऊ,’ बायजाक्का हळूच म्हणाली, ‘तांब्या खाली ठिवा.’

मी ऐकलं नाही असं दाखवलं.

‘ठिवा म्हंते ना. गुरवबाबा, पाकळ्या काडा. पुन्यांदा लावा.’

गुरवांनी डोळे उघडले. त्यांना काही कळलं नसावं, किंवा कळलं असेल. आबा माझ्याकडे पाहत नव्हते. मी तिच्या कानाशी वाकून म्हटलं, आक्का, झाड जाईल, तुझा दिवा जाईल, अक्कल आहे का तुला? तिनं मान वळवली नाही. ती म्हणाली, ‘आईला फशिवून कौल आनला, तर उद्या दिवा कुनापुढं लावू? तिच्याच ना?’

पाकळ्या काढल्या. दगड पुसला, पुन्हा भिजवला. या वेळी तांब्या तिनं स्वतः धरला आणि दोन्हीकडे सारखं पाणी घातलं. किती वेळ गेला सांगता येत नाही. बाहेर मॅडम येरझाऱ्या घालत होत्या, त्यांच्या पावलांखाली पाला वाजत होता. मग डावी पाकळी सुटली आणि घसरत खाली देवीच्या पायाशी पडली.

बायजाक्कानं पाकळी उचलून डोळ्यांना लावली, उठली आणि जनावरं सोडायला गेली.

मी त्यानंतर बरेच दिवस तिच्याशी बोललो नाही. इतका राग मला माझ्या सख्ख्या भावाचाही कधी आला नव्हता. मॅडमना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘तुम्ही केलंत ते मी केलं असतं. तिनं केलं ते मला जमलं नसतं.’ मला ते तेव्हा पटलं नाही. अजूनही पूर्ण पटलेलं नाही. झाड ते झाड. देवीला झाड हवं होतं की फरशी, हे दोन पाकळ्यांनी कसं ठरवायचं? पण हा प्रश्न मी कुणाला विचारणार? ज्या घराचं जायचं होतं त्यांनीच हात जोडले होते.

पार तसाच ठेवून जे करता येईल ते आम्ही करून पाहिलं. फरशीच्या सांध्यांत भोकं पाडायला मात्र आबांनी देवीला न विचारता संमती दिली. भोकं पाडणं ही मोडतोड नव्हे असं त्यांनी स्वतःच ठरवलं आणि बाहेर राखण करत उभे राहिले. मी माझ्या आयुष्यातली सगळी गिरमिटं त्या पारावर झिजवली. वारा थोडा गेला असेल आत. एका उन्हाळ्यात खालच्या दोन फांद्यांवर निळी फुलं आली, आणि वाडीनं नारळ फोडले. पुढच्या उन्हाळ्यात आली नाहीत. पानं एका बाजूनं वाळत गेली, मग साल सुटली. बायजाक्का अमावास्येला येऊन कोनाड्यात दिवा लावत होती. वाऱ्यानं तो विझत नव्हता, हे खरं.

मी निवृत्त झालो त्याच वर्षी वाळलेली अंजनी काढायचं ठरलं. वाळलेलं झाड देवीपुढं अशुभ, फांदी मंडपाच्या पत्र्यावर पडली तर कुणाचा जीव जाईल. यावरही कौल लागला आणि तो उजवा आला. मी मुद्दाम गेलो. अंजनीचं लाकूड इतकं कठीण, की कटर चालवणाऱ्या पोरांनी दोन साखळ्या बोथट केल्या आणि तिसरी आणायला वेल्ह्याला गाडी पाठवली. हे मी वाढवून सांगत नाही, विचारा कुणालाही. पारावर तिच्या जागी संगमरवरी वाघ बसवायचा होता, तो आधीच येऊन गोणपाटात गुंडाळलेला पडला होता. पहिल्या दिव्याचं काय, असं मीच आबांना विचारलं. आबा मान खाली घालून म्हणाले, आता झाडच न्हाई तर पयला दिवा कशाला लावायचा, बायजाक्कानं तेल आनावं, गुरव आरतीत घालील. त्यांच्या मनात काळंबेरं नव्हतं. ते त्यांना सरळच वाटत होतं.

खोडाची एक चकती मॅडम घेऊन गेल्या. भिंगाखाली धरली. अपेक्षेप्रमाणे खुणा नव्हत्याच. नुसतं दाट, काळपट, गुळगुळीत लाकूड. एक तुकडा त्यांनी दूरच्या प्रयोगशाळेत पाठवला. लाकडातल्या कार्बनवरून तिथं वय काढतात. उत्तर आलं, की हे लाकूड अलीकडच्या काही शतकांतलं दिसतं, आणि या काळात मोजणी गोंधळते. खूप जुनं असू शकेल, त्या मानानं बरंच नवंही. मॅडमनी मला फोनवर वाचून दाखवलं आणि म्हणाल्या, ‘म्हणजे सभेत मी म्हटलं तेवढंच.’

उरलेल्या खोडाचा एक हात-दीड हात लांबीचा ओंडका बायजाक्कानं मागून घेतला होता. तेवढा देवीनं द्यावा म्हणून तिनं कौल लावला नाही. आबांनी आपणहून तो टेम्पोत घालून तिच्या दारात उतरवला.

नंतर मी गेलो तेव्हा तो तिच्या अंगणात, गोठ्याच्या अलीकडे उभा पुरला होता. त्याच्यापुढं पणती. अमावास्या होती की नव्हती, आठवत नाही. दूध घातलेला चहा झाला. आता तिला चालताना काठी लागत होती. देवळात जातेस का, असं विचारलं तर म्हणाली, जाते की, मागं बसते.

मग तिनं काठीचं टोक ओंडक्याला लावलं.

‘भाऊ, नातवंडं इचारत्यात, ही केवढी व्हती,’ ती म्हणाली. ‘गावात हजार म्हंत्यात. तुमी सांगा. बाईंनी तुकडा धाडला व्हता, काय म्हनाले ते मिशिनवाले?’

इतकी सोपी संधी मला जन्मात मिळाली नव्हती. पाचशे म्हटलं असतं तरी ती पोरं ते सांगत मोठी झाली असती, आणि खोटं ठरवायला जगात कुणी उरलं नव्हतं. मी तोंड उघडलं आणि आतून आकडाच आला नाही.

‘न्हाई कळत, आक्का,’ मी म्हटलं.

‘येवडी वर्सं गिरमिट घेऊन हिंडलात की.’

‘व्हय. तरी न्हाई.’

तिनं माझ्याकडे नीट निरखून पाहिलं, मी कुठं हसतोय का ते शोधत असावी. मग पणतीतली वात काडीनं पुढं सारली.

‘मग खरं असंल,’ ती म्हणाली.